पूर्वतयारी कधी संपणार?

मी विशेष शिक्षिका म्हणून काम करायला लागले तेव्हा नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या वर्गात आली. बौद्धिक अक्षमता होती, बोलणं नव्हतं, हाताची पकड कमजोर होती. सोबत जाडजूड फाइल. ती मी रात्री घरी वाचत बसले. चार वर्षांचे चार प्रगती अहवाल होते आणि चारही अहवालांत पहिलं उद्दिष्ट एकच: दोरीत मणी ओवणे. पहिल्या वर्षी ‘मदतीने’, दुसऱ्या वर्षी ‘कमी मदतीने’, तिसऱ्या वर्षी ‘साध्य’, आणि चौथ्या वर्षी मणी लहान केलेले. मणी कशासाठी ओवायचे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘पूर्वतयारी चालू आहे.’ कशाची? लेखनाची. लेखन कधी सुरू होणार? पूर्वतयारी झाली की.

आज मला या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. विशेष गरजा असणाऱ्या मुलांचा प्राथमिक अभ्यासक्रम आखताना आपण सर्वांत जास्त वेळ या शब्दाच्या स्वाधीन करतो. इतर मुलं एखादी पायरी चुकवून पुढे जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. रंगांची नावं नीट येत नसलेलं मूल गोष्ट ऐकायला बसतंच की! आमच्या मुलांना मात्र आम्ही पहिल्या पायरीवर अडवून ठेवतो. रंग जुळले नाहीत तर अक्षरं नाहीत, पेन्सिल धरता आली नाही तर गोष्टीचं पुस्तक नाही.

याच्या मुळाशी ‘मानसिक वय’ ही कल्पना आहे. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी आपली बुद्धिमापन चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना वेगळी मदत लागेल ते ओळखणं हा तिचा हेतू होता. १९०८ मध्ये त्यांनी प्रश्नांची मांडणी वयाप्रमाणे केली आणि तेव्हापासून बुद्धीला वय चिकटलं. बुद्धी जन्मभरासाठी ठरून गेलेली असते हे स्वतः बिने यांना मान्य नव्हतं. सरावाने, शिकवण्याने ती वाढते असं ते आग्रहाने सांगत राहिले. पुढच्या लोकांनी आकडा तेवढा उचलला. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीचं मानसिक वय तीन आलं की तिला तीन वर्षांच्या बाळाची गाणी आणि खेळणी मिळतात. पण ती नऊ वर्षं जगलेली असते. माणसं येता-जाताना, भांडताना, आजारी पडताना तिने पाहिलेली असतात. आपल्याशी कोण बाळासारखं बोलतंय हे तिला नेमकं कळतं.

दोनशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट मला या संदर्भात फार मोलाची वाटते. फ्रान्समधल्या आव्हेरों भागातल्या जंगलात सापडलेला एक मुलगा १८०० साली पॅरिसला आणला गेला. त्याचं नाव पुढे व्हिक्टर ठेवलं. ज्याँ इतार या तरुण डॉक्टरने त्याला शिकवायला घेतलं. व्हिक्टरला दूध आवडायचं, म्हणून इतारने दुधासाठीचा ‘ले’ हा फ्रेंच शब्द त्याच्या तोंडून वदवायचा खूप प्रयत्न केला. शब्द आला, पण दूध भांड्यात पडल्यावर, आनंदाने. मागण्यासाठी आला नाही. इतार निराश झाला. त्याच काळात तो L, A, I, T या सुट्या अक्षरांनी हाच शब्द जुळवायलाही शिकवत होता. व्हिक्टर रोज एका ओळखीच्या घरी जाऊन दूध पीत असे. एके दिवशी निघताना त्याने आपण होऊन ती चार अक्षरं उचलून खिशात टाकली आणि त्या घरी पोचल्यावर टेबलावर मांडली.

म्हणजे बोलणं ही ज्याची पूर्वतयारी मानली जाते, ते बोलण्याच्या आधी येऊन उभं राहिलं. आणि ते आलं कारण त्याला दूध हवं होतं, दूध देणारं माणूस समोर होतं आणि हाताशी साधन होतं. अभ्यासक्रमाची रचना करताना मी याच तीन गोष्टी शोधते. जाता जाता सांगते, इतारचा शिष्य एदुआर सेगँ आणि या दोघांची पुस्तकं हाताने उतरवून काढणाऱ्या मारिया माँटेसरी, या परंपरेतूनच पुढे सगळ्या मुलांसाठी शैक्षणिक साधनं तयार झाली. आपल्या मुलांसाठी केलेला विचार कधी वाया गेलेला नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. बहुतेक ठिकाणी नेहमीचा अभ्यासक्रम समोर घेतात आणि छाटायला बसतात: दहा धड्यांतले चार ठेवायचे, शंभरपर्यंतचे अंक वीसवर आणायचे. मी मुलाच्या दिवसापासून सुरुवात करते. आई-वडिलांसोबत बसून तो उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस लिहून काढते. त्यात दोन प्रकारच्या जागांवर खूण करते. दुसरं कुणीतरी त्याच्यासाठी करतंय पण त्याला थोडं तरी करता येईल अशा जागा, आणि त्याला काहीतरी सांगायचं असतं पण सांगता येत नाही अशा जागा. त्यानंतरच धड्यांची यादी उघडते आणि या खुणा कुठल्या विषयात नेता येतील ते बघते.

पाण्याची वाफ होते हा धडा घ्या. एक मूल आकृतीला नावं देईल. दुसरं ओल्या पाटीचे, अर्धवट वाळलेल्या पाटीचे आणि कोरड्या पाटीचे फोटो क्रमाने लावेल. बहुविकलांग मूल कोमट आणि गार पाण्यात हात घालेल, त्यातलं एक नजरेने निवडेल, आणि ‘अजून’ ही खूण करेल. या तिसऱ्या मुलाच्या बाबतीत मी कडक आहे. ते वर्गात हजर होतं, त्याचे हात ओले झाले, एवढ्यावर धडा झाला असं मी मानत नाही. निवड करणं आणि ‘अजून’ मागणं ही त्याची त्या दिवसाची स्वतःची उद्दिष्टं आहेत आणि ती लिहिलेली असली पाहिजेत.

इथे एक गल्लत फार होते. शिकण्याचा मार्ग बदलणं वेगळं आणि शिकायची गोष्टच बदलणं वेगळं. वाचन अक्षमता असलेल्या मुलाला विज्ञानाचा धडा वाचून दाखवला तर विज्ञान जराही कमी होत नाही. अशा मुलाच्या पुस्तकातला मजकूर निम्मा करणं हा अन्याय आहे, कारण त्याची समज शाबूत असते. पण त्या तासाचं उद्दिष्टच वाचन असेल तर वाचून दाखवणं म्हणजे त्याचं काम आपण करणं. म्हणून दर धड्याला आधी ठरवायचं, आज नेमकं काय शिकवायचंय?

उद्दिष्ट कसं लिहावं याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण योजना तिथेच कोसळतात. ‘संवादकौशल्य वाढवणे’ हे उद्दिष्ट नाही, ती इच्छा आहे. ‘चार चित्रकार्डांमधून हव्या त्या वस्तूचं कार्ड उचलून समोरच्याच्या हातात देतो, पाच वेळांपैकी चार वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांबरोबर’ हे उद्दिष्ट झालं. त्यातली तीन माणसं महत्त्वाची. आपली पुष्कळ मुलं एका बाईंबरोबर, एका टेबलाशी शिकलेली गोष्ट दुसऱ्या खोलीत नेत नाहीत. ती विसरलेली नसतात. त्यांच्या लेखी ते त्या टेबलाचं काम असतं. म्हणून जागा आणि माणसं बदलणं हा शिकवण्याचाच भाग धरायचा.

मोठं काम तुकड्यांत मांडायचं हे तुम्हाला माहीत आहे. सदरा घालणं पाहिलं तर दहा-बारा तुकडे निघतात. मी बऱ्याचदा शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करते. सगळं आपण करायचं आणि सदरा पोटावरून खाली ओढणं तेवढं मुलावर सोडायचं. ते जमलं की त्याच्या आधीचा तुकडा. पहिल्या तुकड्यापासून शिकवलं तर मूल थोडंसं करतं आणि काम अर्धवट असतानाच दुसऱ्याच्या हातात जातं. शेवटापासून शिकवलं तर प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं ते त्याच्या हातून. त्याचा चेहरा एकदा बघा.

आणि ‘नको’. हा शब्द मी प्रत्येक मुलाच्या पहिल्या वर्षाच्या योजनेत घालते. आपण ‘हवं’ शिकवतो, ‘नमस्कार’ शिकवतो, ‘थँक्यू’ शिकवतो, नकार शिकवायला घाबरतो. मग मूल टेबल ढकलतं, चावतं, डोकं आपटतं, आणि आपण त्याला वर्तनसमस्या म्हणतो. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये चार मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्रासदायक वागण्यातून मूल काय मागतंय ते त्यांनी आधी शोधलं आणि तेच मागायचं सोपं वाक्य मुलांना शिकवलं. काम जड जात असेल तर मदत कशी मागायची, लक्ष हवं असेल तर ते कसं मागायचं. ते वागणं खूपच कमी झालं. शिक्षेने हे होत नाही, मी दोन्ही पाहिलं आहे.

त्या मुलीला आम्ही ‘पुरे’चं कार्ड दिलं. कार्ड पकडणं तिला जड जायचं, पण तळहात उलटा करणं जमायचं. मग तीच आमची खूण ठरली. पहिल्यांदा तिने ती वापरली मण्यांच्या तासाला. मी दोरी आणि डबा कपाटात ठेवला आणि पुन्हा काढला नाही. त्या वर्षी आम्ही घरातल्या माणसांच्या फोटोंची वही केली. वही उघडून कोण हवंय ते ती दाखवू लागली, आणि फोटोंखाली नावं होती, त्यातली काही ती ओळखू लागली. लेखनाची वाट तिने अशी धरली.

एक काम मात्र दरवर्षी, न चुकता करा. मूल पुढच्या वर्गात जाताना फाइलच्या वर एकच पान ठेवा. त्यावर आजाराचं नाव नको. ते ‘हो’ कसं म्हणतं, ‘नको’ कसं म्हणतं, प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबावं लागतं, आणि सध्या त्याला काय शिकायची ओढ आहे, एवढंच लिहा. तिच्या पानावरची पहिली ओळ होती: ‘तळहात उलटा केला तर पुरे झालं. उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजून थांबा, ती उत्तर देते.’