पोपेस्कोबाईंचा 'र'

श्रोतेहो, नमस्कार.

या माइकसमोर बसायच्या आधी माझी आवाजाची चाचणी झाली होती. "'आणि' म्हणा, 'आनि' नको," असं मला किमान दहा वेळा ऐकावं लागलं. आपल्या नाटकांतही बघा, 'पानी' म्हणणारं पात्र आलं की ते नोकराचं किंवा हशा पिकवणारं. ऐतिहासिक नाटकातल्या राणीच्या तोंडी 'पानी' मी तरी कधी ऐकलेलं नाही. म्हणून आज एल्व्हिरा पोपेस्को या रोमानियन नटीबद्दल बोलावंसं वाटतंय.

जन्म बुखारेस्टचा, १८९४ चा. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत नोतारा आणि अरिस्तिझा रोमानेस्कू या त्या काळच्या दोन मोठ्या नटांच्या हाताखाली शिक्षण, आणि सोळाव्या वर्षी थेट नॅशनल थिएटरच्या रंगमंचावर पदार्पण. पुढे १९२१ मध्ये बाईंनी 'तेआत्रुल मीक', म्हणजे 'छोटं थिएटर', हे स्वतःचं नाट्यगृहही उभं केलं. बुखारेस्टमध्ये सगळं छान बस्तान बसलं होतं. अशा वेळी लुई व्हेर्नय या फ्रेंच नाटककाराने त्यांना पॅरिसला बोलावलं आणि १९२३ मध्ये बाई तिकडे गेल्या. वय एकोणतीस, भाषा परकी.

आता मुद्द्याचं. फ्रेंच 'र' घशातून येतो, घासत. रोमानियन 'र' जिभेच्या टोकावर वाजतो, थेट आपल्या 'र'सारखा. 'रात्र' म्हणून बघा... तोच. पोपेस्कोबाई पॅरिसमध्ये सत्तर वर्षं राहिल्या, पण तो 'र' जिभेवरून काही हलला नाही. आडनाव मात्र हललं. मूळचं पोपेस्कू, फ्रेंच लोकांच्या सोयीसाठी पोपेस्को झालं.

सुरुवातीला नाटककारांनी या उच्चारावर सरळ तोडगा काढला, भूमिकाच परदेशी लिहायच्या. पॅरिसमधल्या पहिल्याच, व्हेर्नयच्या नाटकात बाई वॉर्सावहून आलेली चुलतबहीण झाल्या. १९३३ मध्ये झाक दवालचं 'तोवारिच' आलं. त्यात क्रांतीनंतर पॅरिसला पळून आलेलं रशियन राजघराण्यातलं जोडपं आहे. झारचे अब्जावधी फ्रँक त्यांच्या नावावर बँकेत, पण ती ठेव झारची म्हणून त्यातला एक पैसा घरखर्चाला काढायचा नाही. शेवटी दोघं एका श्रीमंताकडे घरकामाला राहतात. बाई त्यात मोलकरीण झालेली ग्रँड डचेस! तोच 'र' एका वाक्यात मोलकरणीचा आणि पुढच्या वाक्यात राजघराण्याचा. पॅरिसने ते नाटक डोक्यावर घेतलं.

पण मला खरा आनंद होतो तो १९५४ च्या गोष्टीचा. झां कोक्तोचं 'ला माशिन अँफेर्नाल', म्हणजे ग्रीक राजा ईडिपसची कथा, आणि पोपेस्कोबाई राणी योकास्ता. या नाटकात राणी दिसण्याआधी ऐकू येते. तटबंदीच्या जिन्याखालून नुसता आवाज येतो. आणि कोक्तोने संहितेतच लिहून ठेवलंय, की तिचे उच्चार ठळक परके असावेत, देशोदेशीच्या राजघराण्यांत असतात तसे. हे लिहिलं तीसच्या दशकात, बाईंना ही भूमिका मिळण्याच्या वीसेक वर्षं आधी! जणू जागा राखूनच ठेवली होती.

आंद्रे रुसँच्या 'नीना' आणि 'ला मामा' या विनोदी नाटकांत त्यांनी प्रेक्षकांना हसवलंही. नाट्यगृह चालवायची बुखारेस्टची सवयही सुटली नव्हती. १९५६ पासून तेआत्र द पारी आणि मग १९७८ पर्यंत मारिन्यी, अशी दोन मोठी थिएटरं त्यांनी सांभाळली. सेन नदीजवळच्या मेझी गावात, एका दिवाळखोर फॅशनवाल्याने अर्धवट सोडलेलं पांढरंशुभ्र घर घेऊन त्या तिथे थाटात राहिल्या. हौस लागते हो!

१९८७ मध्ये फ्रान्सने नाटकासाठी मोलिएर पुरस्कार सुरू केले, आणि पहिल्याच वर्षीचा मानाचा मोलिएर त्र्याण्णव वर्षांच्या पोपेस्कोबाईंना मिळाला. डिसेंबर १९९३ मध्ये, शंभरीला काही महिने उरले असताना त्या गेल्या. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांची कबर आहे.

वॉर्सावच्या चुलतबहिणीच्या त्या नाटकावर १९३१ मध्ये चित्रपट निघाला, त्यातही बाईच आहेत. कुठे हाती लागला तर जरूर लावा. फ्रेंच येत नसलं तरी चालेल. पाच मिनिटं डोळे मिटा आणि नुसता तो 'र' ऐका.

नमस्कार.