पांढरी कडा

[दृश्य: प्लास्टिकचा ट्रे, त्यात एकेक वस्तू पडते]

अंगठी. घड्याळ. चष्मा. आणि टेक्निशियननं तिसऱ्यांदा विचारल्यावर कमरेचा चांदीचा करदोटा. पलीकडच्या खोलीतलं एमआरआयचं चुंबक 3 टेस्लाचं आहे, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या जवळपास 60 हजार पट. आमच्या कॅमेऱ्यालाही दारातच थांबावं लागलं. इथून पुढचं सगळं काचेतून टिपलेलं.

काकांच्या मेंदूतली गाठ, ग्लिओब्लास्टोमा, ऑपरेशननं काढली. मग सहा आठवडे रेडिएशन, घरच्यांच्या भाषेत 'लाइट', आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या. त्याला आता दोन महिने झाले.

[दृश्य: लाइटबॉक्सवर दोन फिल्म्स]

डावीकडची ऑपरेशननंतरची. उजवीकडची मागच्या आठवड्यात दुसऱ्या सेंटरमध्ये काढलेली. पोकळीभोवतीची पांढरी कडा जाड झाली आहे, ते आपल्यालाही दिसतं. का झाली, ते या फिल्मवरून कुणालाच सांगता येत नाही. गॅडोलिनियमचं औषध रक्तवाहिन्यांतून जिथे बाहेर झिरपतं, तिथे पांढरं उमटतं. गाठ परतली तर झिरपतं. रेडिएशननं वाहिन्यांचं अस्तर दुखावलं, तरी झिरपतं. रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तर मुरलेले रेडिओलॉजिस्टही यावर बोट ठेवायला कचरतात.

म्हणून आज त्या कडेतलं रक्त मोजायचं. परफ्युजन.

[दृश्य: इंजेक्टर, जवळून]

हातात हिरव्या टोपणाची, 18 नंबरची सुई. इंजेक्टरच्या एका नळीत गॅडोलिनियम, दुसरीत सलाइन. वेग सेकंदाला 5 मिलिलिटर. हातानं दाबून तो एकसारखा राहत नाही.

"काका, आता हात गार लागेल. डोकं अजिबात हलवायचं नाही हं. दोनच मिनिटं."

आवाज बदललेला ऐकलात? मघाची ठकठक थांबली, आता एकसुरी घरघर. दर दीडएक सेकंदाला अख्ख्या मेंदूची चित्रं निघताहेत. औषध मेंदूत पोचतं आणि पडद्यावर मेंदू काळवंडतो. काही सेकंदांत पुन्हा उजळतो. हा तुकडा आम्ही संथ केला आहे, आणि हो, दोनदा दाखवतो आहोत.

कुठला भाग किती काळवंडला, त्यावरून तिथे रक्त किती हे संगणक काढतो आणि समोरच्या निरोगी बाजूशी त्याचं गुणोत्तर मांडतो. वाढती गाठ स्वतःसाठी नव्या वाहिन्या उभारते, तिथला आकडा चढतो. रेडिएशननं होरपळलेल्या जागी तो खाली राहतो. ग्लिओब्लास्टोमा ज्या घराण्यातला, त्या ग्लिओमा गाठींच्या 189 रुग्णांचा अभ्यास 2008 साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. ज्यांचं गुणोत्तर 1.75 च्या खाली, त्यांच्यात आजार पुढे सरकायला लागलेल्या काळाचा मध्यक 3,585 दिवस. ज्यांचं वर, त्यांच्यात 265. हा आकडा सगळीकडे चालत नाही. ऑलिगोडेंड्रोग्लिओमाची गाठ मुळातच रक्ताळ असते, आणि तरी तिचे रुग्ण बरीच वर्षं काढतात. गाठीची जात अखेर पॅथॉलॉजीच्या टेबलावरच ठरते.

पण कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे याच औषधाच्या, कुठल्याही एमआरआयला सुई टोचलेली असते, औषध द्यायचंच असतं. तरी कित्येक चिठ्ठ्यांवर 'ब्रेन विथ कॉन्ट्रास्ट' एवढंच लिहिलेलं येतं, आणि ही दोन मिनिटं राहून जातात. मग तीच नळी, तेच औषध, तोच खर्च पुन्हा. आज इथे तेच चाललं आहे.

[दृश्य: रंगीत नकाशा. कडेवर कर्सर थांबतो]

लाल म्हणजे रक्त जास्त, निळा म्हणजे कमी. कडा सगळीकडून निळी आहे.

दुसरं ऑपरेशन तूर्त नाही. गोळ्या चालू. पुढचा एमआरआय आठ आठवड्यांनी, चिठ्ठीवर 'परफ्युजनसह'.

[दृश्य: बाहेरचा बाक. काकू ट्रेमधून अंगठी उचलतात. निवेदन नाही]