आधी पाय कोणाचे टेकले?

(दृश्य : लातूर. मे महिन्यातली सकाळ. शाळेमागचं सिमेंटचं बास्केटबॉल मैदान.)

अजून आठ वाजायचेत, पण सिमेंट तापायला लागलंय. लाल बनियनमधला मुलगा चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावतो. निळ्यातला आडवा येतो. धाड्‌! दोघंही खाली. शिट्टी वाजते आणि निळ्यातला उठायच्या आधीच ओरडतो, "उभाच होतो की सर मी!"

पंचाच्या हातात आता सेकंदभर वेळ आहे. मूठ तळहातावर आपटली, तर चार्जिंग, म्हणजे चेंडूवाल्यानं धडक दिली. चूक लालची, चेंडू निळ्यांना. दोन्ही हात कमरेवर गेले, तर ब्लॉकिंग, म्हणजे आडव्या आलेल्यानं चुकीची वाट अडवली. चूक निळ्याची. फाऊल कुणाच्याही नावावर लागो, पाचवा झाला की तो खेळाडू बाहेर.

अशा वेळी सगळं मैदान चेंडूकडे बघत असतं. पंचाला मात्र बचाव करणाऱ्याकडे बघावं लागतं.

(दृश्य : तीच धडक, संथ गतीनं. कॅमेरा बुटांवर.)

बचाव करणाऱ्यानं समोरच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, की ती जागा नियमानं त्याची झाली. त्यानंतर पुतळ्यासारखं उभं राहायची सक्ती नाही. 'हलला म्हणजे ब्लॉक' हे आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येतं की पोरांना तोच नियम वाटतो. तो नियम नाही. जागा मिळवल्यावर बाजूला सरकता येतं, मागे जाता येतं, जागेवर सरळ वर उडीही मारता येते. छाती वाचवायला हात आडवे धरले तरी चालतं. समोरच्याच्या अंगावर मात्र जायचं नाही.

म्हणून धक्का कुठं बसला तेही बघायचं. थेट छातीवर बसला, तर बहुतेक वेळा बचाव करणारा वेळेत पोचलेला असतो. गुडघा, नितंब किंवा बाजूचा खांदा लागला, तर तो उशिरा घुसला असावा.

चेंडू हातात असलेल्याला अंतर द्यावं लागत नाही. त्यानं अडवलं जायची तयारी ठेवायचीच. चेंडू नसलेल्याला मात्र थांबायला किंवा वळायला एक-दोन पावलांची जागा द्यावी लागते.

सगळ्यात अवघड निर्णय हवेतल्या खेळाडूचा. त्याचा पाय जमिनीवरून सुटला, की उतरायची जागा त्याची. त्यानंतर कुणी त्याच्या वाटेत शिरलं, तर ते ब्लॉकिंग. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. हवेतल्या पोराला स्वतःला सावरता येत नाही, आणि खाली आहे सिमेंट.

बास्केटखाली एक अर्धवर्तुळ असतं, त्रिज्या 1.25 मीटर. हवेतला खेळाडू त्याच्या आत किंवा रेषेवर उभ्या असलेल्यावर आदळला, तर चार्जिंग देत नाहीत. मात्र हवेतल्यानं हातानं किंवा पायानं ढकललं, तर तो फाऊलच. इथं उन्हापावसानं त्या रेषेचा रंग उडालाय. सामन्याआधी पंच स्वतः खडूनं ती गिरवून घेतात. ते बघून बरं वाटलं.

मराठवाड्याला ही नजर काही नवी नाही. खो-खोतला पंच पाठलाग करणाऱ्याच्या खांद्याची रेषा बघूनच त्यानं दिशा मोडली का ते ठरवतो. इथं नजर खांद्यावरून टाचेवर आणायची, एवढंच.

(दृश्य : पुन्हा तीच धडक. एकेक चित्र थांबवत.)

लालचा डावा पाय सुटलाय. निळ्याचा उजवा पाय टेकलाय, पण डावी टाच अजून हवेत. पुढच्या चित्रात ती टेकते, तोवर लाल पूर्ण वर आहे. अर्ध्या पावलाचा उशीर!

पंच दोन्ही हात कमरेवर ठेवतात. ब्लॉकिंग. निळ्यातला डोकं धरतो.

बाजूला नवीन पंच शिकायला उभा आहे. ज्येष्ठ पंच त्याच्या कानाशी वाकतात. "लेकरा, चेंडू कुठं जायचा तिकडं जाऊ दे. तू टाचा बघ."

निळ्यातला हात पुढं करतो. लालमधला तो धरून उठतो, कोपराला लागलेली धूळ झटकतो आणि फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकायच्या, रेषेवर जाऊन उभा राहतो. दोन थ्रो आहेत.