न उमलणारी कळी

जून महिना. अमेरिकेच्या पश्चिमेकडे, कॅस्केड पर्वताच्या पूर्व उतारावरचं हे पाँडेरोसा पाइनचं रान. झाडं लांब लांब उभी, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर उतरतं. तापलेल्या सालींना व्हॅनिलासारखा वास सुटतो. आणि खाली, वाळक्या सुयांच्या थरातून, गुडघाभर उंचीचं एक रोप वर आलंय. शेंड्यावर जर्दाळूच्या रंगाच्या फुलांचा गुच्छ.

कोलोमिया ग्रँडिफ्लोरा. मूळचं इथलंच. आयुष्य एका वर्षाचं.

जरा जवळ या. लांब नळी, पाच पाकळ्या, आणि पराग चक्क निळा!

आता नजर खाली आणा. पानांच्या बगलेत या बारीक हिरव्या कळ्या दिसतात ना? त्या उमलायची वाट पाहू नका. त्या कधीच उमलत नाहीत. मिटल्या कळीतच परागीभवन होतं, आतल्या आत बी धरतं. मधमाशी येवो न येवो. आपल्या शेतातला केनाही असंच करतो, त्याची काही फुलं तर मातीखालीच मिटलेली राहून बी धरतात.

कशासाठी हे? या रोपाला जमिनीत कंद नाही, पुढचा हंगाम नाही. इथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यातले. उन्हाळा कोरडा ठणठणीत. मोठं फूल फुलवायला पाणी लागतं. प्रयोगात या रोपांचं पाणी तोडलं, तर उमलणारी फुलं कमी झाली. उघडं फूल दुसऱ्या रोपाचा पराग मिळवून देतं, मिटलेली कळी बियांची खात्री देते. मला स्वतःला त्या रंगीत गुच्छापेक्षा ही मुकी कळीच जास्त भावते.

डेव्हिड डग्लस हा स्कॉटिश वनस्पतिशोधक १८२५ मध्ये कोलंबिया नदीकाठी आला. डग्लस फर हे झाड ज्याच्या नावानं ओळखतात, तोच. या फुलाचं शास्त्रीय वर्णन १८२८ मध्ये छापून आलं, तेही त्याच्यामुळेच.

कोलोमिया हे नाव 'कोला' या ग्रीक शब्दावरून आलं. कोला म्हणजे गोंद. एका बोंडात तीन बिया. त्यातली एक तळहातावर घेऊ. त्यावर पाण्याचा एक थेंब... बघा, भिजल्या सब्जासारखा बुळबुळीत थर तिच्याभोवती फुगतोय. पावसाची पहिली सर आली, की अशीच ती मातीला चिकटून बसेल.