नवं रोप आधी बादलीत

(दृश्य: नागपूरचा सीताबर्डी बाजार, ऊन उतरलेलं. पाण्याच्या पिशव्यांत हिरवी रोपं.)

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. भरदुपारी स्कूटीच्या डिकीतून पाणवनस्पती आणली, तर घरी पोचेपर्यंत ती शिजूनच निघते. म्हणून ती संध्याकाळी आणायची. आणि रोप कितीही टवटवीत असलं, तरी लगेच माशांच्या टाकीत सोडायचं नाही.

(दृश्य: अ‍ॅन्यूबियस या जाड पानांच्या पाणवनस्पतीचं पान उलटं धरलेलं, अगदी जवळून.)

पानाच्या मागे हा पारदर्शक, बुळबुळीत ठिपका पाहा. साबुदाण्याच्या खिरीसारखा. आत बारीक टिपके आहेत, ती गोगलगायीची अंडी. तेवढ्यावर काही आठवड्यांत टाकीची काच गोगलगायींनी भरते. अंडी निदान नखाने खरवडता येतात. शेवाळाचा धागा, हायड्रा नावाचा इवलासा जलजीव किंवा चतुराची अळी मात्र सहज नजरेला पडत नाही, आणि ही अळी माशांची पिल्लं मटकावते.

जाळीच्या कुंडीतून रोप सोडवा. मुळांभोवतीचं रॉकवूल, म्हणजे कापसासारखं तंतूंचं आवरण, चिमट्याने, धागा धागा करत काढा. इथे घाई केली की मुळं तुटतात. जुडीला धातूची पट्टी गुंडाळलेली असेल तर तीही काढा. पिवळी, सडकी पानं छाटा आणि रोप नळाखाली धुवा.

मग तुरटी. लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा तुरटीची पूड विरघळवून रोप दोन-तीन तास बुडवून ठेवा, नंतर स्वच्छ धुवा. ब्लीच जास्त कडक. एक भाग साधं, बिनवासाचं ब्लीच आणि 19 भाग पाणी, तेही अ‍ॅन्यूबियस किंवा जावा फर्नसारख्या चिवट रोपांनाच, आणि दोन मिनिटांच्या आत बाहेर. लगेच अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) घातलेल्या पाण्यात खळबळून घ्या. वॅलिसनेरिया, हायड्रिला, कॅबोम्बा आणि मॉस यांना ब्लीच दाखवूच नका. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही औषध मिसळायचं नाही, हे तर कायमचंच.

(दृश्य: खिडकीजवळ पांढरी बादली, वर छोटा दिवा.)

पण माझा खरा भरवसा या बादलीवर आहे. औषधातून सुटलेली अंडी इथे फुटतात, आणि पांढऱ्या बुडावर बारीकशी गोगलगायही दिसते. दोन ते चार आठवडे रोप इथेच राहू द्या. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. नर्सरीत बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवतात, त्यांच्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. टाकीत झिंगे असतील, तर हे पाणी बदलणं अजिबात चुकवू नका, कारण थोड्याशा कीटकनाशकानेही झिंगे मरतात. उन्हाळ्यात बादली गच्चीवर नको. कूलरची हवा लागेल अशा खोलीत, सावलीत ठेवा.

छाटलेली पानं आणि बादलीतलं पाणी नाल्यात, फुटाळा किंवा अंबाझरी तलावात टाकू नका. तलाव झाकून टाकणारी जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेची, माणसानेच शोभेसाठी इकडे आणलेली. पानं उन्हात कडकडीत वाळवा आणि कुंडीच्या मातीत मिसळा. पाणीही झाडांच्या मातीतच ओता, पण तुरटीचं किंवा ब्लीचचं नव्हे.

आता लावणी. अ‍ॅन्यूबियसचा आडवा कंद रेतीत पुरला की कुजतो, म्हणून तो दोऱ्याने दगडाला बांधा. क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीची पानं पहिल्या आठवड्यांत गळून पडतात. ती उचलून टाका, पण रोप उपटू नका. मुळं जिवंत असतात, त्यांतून नवी पानं फुटतात.