हे खरे आहे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

तीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. विधानसभेचे सदस्य किती? २८८. विधान परिषदेचे? ७८. गणपूर्तीला, म्हणजे सभागृह चालायला, कमीत कमी किती लागतात? एक दशांश. पोरं धडाधड सांगायची, मार्क घेऊन मोकळी व्हायची. पण निवृत्त होईपर्यंत ते सभागृह मी स्वतः एकदाही पाहिलेलं नव्हतं. विहिरीच्या काठावर उभं राहून पोहायला शिकवणाऱ्यातली गत. शेवटी जाणं झालं ते आमच्या गावच्या पाझर तलावामुळं.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. तलाव १९७२ च्या दुष्काळातला. त्यावर आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मातीच्या पाट्या वाहिलेल्या. मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन बांध कसा उभा केला, ते त्या अजून सांगतात. तर या तलावाच्या बांधाला गळती लागली. पाऊस झाला की तलाव भरतो आणि दिवाळी झाली की तळ दिसायला लागतो. खालच्या विहिरी बसल्या. अर्ज झाले, निवेदनं झाली. शेवटी कुणीतरी म्हणालं, विधानसभेत प्रश्न टाकायचा. आणि तो लागला. प्रश्न 'लागला' असंच म्हणतात, लॉटरी लागल्यासारखं. तेही फारसं चुकीचं नाही, कारण प्रश्न ढिगानं येतात आणि अमुक दिवशी कुणाचा प्रश्न कितव्या नंबरला, हे नशिबावर असतं.

माझी धाकटी जाऊ ग्रामपंचायत सदस्य. ती म्हणाली, "आक्का, आपला प्रश्न हाय तर आपुन जायाला नको व्हय?" आमदारांच्या स्वीय सहायकांकडून पास मिळाले आणि आम्ही दोघी सांगली स्टेशनवर रात्रीच्या महालक्ष्मीत बसलो. पावसाळी अधिवेशन, त्यामुळं मुंबई. हिवाळी असतं तर नागपूर गाठावं लागलं असतं. १९५३ च्या नागपूर कराराची ती देणगी.

विधान भवनाच्या दारातच जाऊची पिशवी, दोन मोबाईल, डबा, सगळं ठेवून घेतलं. वर प्रेक्षक गॅलरीत बसवलं आणि बजावलं, बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, पायावर पाय टाकून बसायचं नाही. जाऊ हळूच म्हणाली, "कीर्तनालाबी एवढं नसतंय." मी तिला कोपरानं ढोसलं.

आत येताना पायऱ्यांवर एक वेगळाच खेळ पाहिला होता. विरोधी पक्षाचे आमदार फलक घेऊन घोषणा देत होते, समोर कॅमेऱ्यांची रांग. संध्याकाळी टीव्हीवर आपण जे बघतो ते बहुतेक या पायऱ्यांवरचं असतं. आणि मघाशी पायऱ्यांवर एकमेकांच्या नावानं शंख करणारी दोन माणसं मी आत एका बाकावर वाकून, हसत काहीतरी बोलताना पाहिली. त्याचा मला राग आला नाही. आमच्या शाळेतही स्टाफ मीटिंग अशीच व्हायची.

अकरा वाजता अध्यक्ष आले, सगळे उभे राहिले आणि प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला.

इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण हा तास समजला तर निम्मं सभागृह समजलं. ज्या प्रश्नाला तोंडी उत्तर हवं असतं त्याच्या नंबराशेजारी चांदणी छापतात, म्हणून तो तारांकित. प्रश्नाची भाषा ठरलेली. एक, अमुक गावी तमुक झाले, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? तीन, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरंही ठरलेलीच. 'होय.' 'हे खरे नाही.' 'हे अंशतः खरे आहे.' आणि सगळ्यात शेवटी, 'प्रश्न उद्भवत नाही.' ही उत्तरं आधीच छापून सदस्यांच्या हातात दिलेली असतात. अध्यक्ष नंबर पुकारतात, मंत्री उठून म्हणतात, "छापल्याप्रमाणे." झालं उत्तर! आम्हा दोघींना वाटलं, हे काय, माणूस बोललाच नाही. पण खरी झुंज इथून पुढं. छापील उत्तरावर उपप्रश्न सुरू होतात आणि त्याला छापलेलं काही नसतं.

तेव्हा माझं लक्ष बाजूच्या अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडं गेलं. खात्याचे लोक मांडीवर फायली घेऊन बसलेले. खाली सदस्यानं अडचणीचं काही विचारलं की इकडं भराभर चिठ्ठी लिहिली जायची. शिपाई ती घेऊन मंत्र्यांपर्यंत जाई. मंत्री बोलता बोलता ती उलगडत. चिठ्ठी पोचेपर्यंत ज्याला बोलणं लांबवता येतं तो तयारीचा मंत्री, असं माझं मत झालं. एकांना ते काही जमेना. सदस्यांनी घेरलं, उत्तर येईना, तेव्हा अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. म्हणजे नीट माहिती घेऊन पुन्हा या. मला फार बरं वाटलं. गृहपाठ केला नसेल तर वर्गात काय होतं, ते मी तीस वर्षं पाहत आले होते.

मधेच गलका झाला. काही सदस्य पुढच्या मोकळ्या जागेत उतरले, कागद फडकले, कुणी काय बोलतंय कळेना. अध्यक्ष उभे राहिले, कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब. या सगळ्या आरडाओरड्यात मधल्या टेबलाशी बसलेली माणसं मात्र मान खाली घालून लिहीतच होती. ते प्रतिवेदक. सभागृहात उच्चारलेला शब्द लघुलिपीत टिपायचा हे त्यांचं काम. थोड्या थोड्या वेळानं एक उठतो, त्याच्या जागी दुसरा बसतो, पण हात थांबत नाही. त्या दिवशी सर्वांत जास्त काम कुणी केलं असेल तर त्यांनी. त्यांचं नाव मात्र कुठल्याच बातमीत येत नाही.

आता आमचा प्रश्न. यादीत तो सतरावा. बारा वाजेस्तोवर सभागृह सहाव्यावर पोचलं होतं आणि त्यातला एक प्रश्न म्हणजे तो राखून ठेवलेला. अध्यक्ष म्हणाले, प्रश्नोत्तराचा तास संपला. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं पटलावर, म्हणजे सभागृहापुढं, ठेवल्याचं धरलं जातं. आमचा तलाव चर्चेला आलाच नाही. महालक्ष्मीनं रात्रभर प्रवास करून आम्ही दहा मिनिटांची तहकुबी बघितली. जाऊ म्हणाली, "आपला नंबर गेला व्हय?" रेशनच्या रांगेत म्हणावं तसं.

स्वीय सहायकांनी दुपारचे पास मिळवून दिले, म्हणून पुढचंही बघायला मिळालं. लक्षवेधी सूचना झाल्या, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधायचं. एका भागात पुरानं पिकं गेली होती, त्यावर बोलणारे सदस्य तळमळीनं बोलले. आपल्याकडं २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्यामुळं त्या माणसाचा आवाज का चढतोय, हे आम्हा दोघींना न सांगता कळत होतं. मंत्र्यांनी निवेदन वाचलं, आश्वासन दिलं. अशी आश्वासनं विधिमंडळाची एक समिती टिपून ठेवते. तिचं नावच आश्वासन समिती. दिलेला शब्द पाळला की नाही, हे ती खात्याला विचारत राहते. हे मी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पुस्तकात नव्हतंच.

तीन-साडेतीनच्या सुमारास पुरवणी मागण्या निघाल्या. म्हणजे अर्थसंकल्पात धरला नव्हता असा जादा खर्च. टीव्हीवर कधी दिसत नाही, पण पैसा वाटला जातो तो इथं. आणि बाकं रिकामी! जाऊनं गुपचूप बोटांवर मोजलं, "आक्का, तेवीसच हायत." २८८ चा दशांश म्हणजे एकोणतीस. मुलांना मी शंभरदा सांगितलेला नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता. पण कुणी उठून गणपूर्ती नाही असं म्हटलं नाही, तर कुणी मोजायला जात नाही. कुणीच म्हटलं नाही. अध्यक्षांच्या जागी तालिकेवरचे, म्हणजे अध्यक्ष नसताना काम चालवणाऱ्यांच्या यादीतले, एक सदस्य बसले होते. ते एका सुरात म्हणत होते, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होय म्हणणाऱ्यांचे बहुमत आहे, मागणी संमत झाली. पाठ झालेलं स्तोत्र म्हणावं तसं चाललं होतं. जाऊला झोप लागली. मला नाही लागली, कारण आकडे कोटींचे होते.

संध्याकाळी बाहेर पडलो आणि मादाम कामा रस्त्यानं रीगल सिनेमाकडं चालत गेलो. तिथं समोर एक जुनी दगडी इमारत आहे. आता पोलिसांचं मुख्यालय आहे, पूर्वी तिथं विधिमंडळ भरायचं. विधान भवन १९८१ चं, त्याच्या आधीचं सगळं इथलं. मी जाऊला थांबवलं. म्हटलं, ही इमारत बघ, आपल्या तलावाचं मूळ इथं आहे.

ती बघतच राहिली. मग मी तिला वि. स. पागेंचं सांगितलं. आमच्याच तालुक्यातलं विसापूर त्यांचं. १९६० ते १९७८, अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीची खुर्ची मोठी अडचणीची. इतरांना बोलायला लावायचं, स्वतः वादात पडायचं नाही. पण रोजगार हमी योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते हेच पागे. साठच्या दशकात तिचा प्रयोग तासगाव तालुक्यात झाला, बहात्तरच्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला सुरुवात झाली. माझ्याही पगारातून तो दरमहा कापला जायचा आणि तो कशासाठी, हे कितीतरी वर्षं मला ठाऊक नव्हतं. पुढं २००५ साली देशभरासाठी कायदा झाला, त्याच्या मागं हाच अनुभव होता.

आपल्या भागानं मुंबईला मोठमोठी माणसं दिली. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव, पद्माळ्याचे वसंतदादा, कासेगावचे राजारामबापू, पाटणचे बाळासाहेब देसाई, अंजनीचे आर. आर. आबा. त्यांना आपण दादा, बापू, आबा म्हणतो, सभागृहात मात्र सगळे 'सन्माननीय सदस्य'. पागेंना आपल्याकडं असं घरगुती नाव फारसं कुणी दिलं नाही. ते मला खटकतं.

"म्हंजी आत्याबाईंनी पाट्या व्हायल्या त्या ह्येंच्यामुळं?" जाऊनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं त्या इमारतीकडं बघून हात जोडले. शेजारून जाणारा हवालदार चमकून बघायला लागला.

परतीच्या गाडीत मी छापील यादी काढली. सतरावा प्रश्न. सदस्यांनी तो उन्हाळ्यात दिलेला होता, तलाव कोरडा ठणठणीत असताना. उत्तर तयार झालं तेव्हा पाऊस सुरू झाला होता. 'एक, हे अंशतः खरे आहे. सद्यःस्थितीत तलावात पाणीसाठा आहे. दोन, दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे. तीन, प्रश्न उद्भवत नाही.'

घरी आल्यावर मी ते आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "अंशतः म्हंजी किती गं?" मी म्हटलं, थोडं. त्या म्हणाल्या, "बांध थोडा गळतोय, का गळतोय त्ये थोडं खरं हाय?" मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाला चिठ्ठी कुणी आणून देणार नव्हतं.

जाऊनं मात्र ती यादी जपून ठेवली. पुढच्या ग्रामसभेत ती उठली आणि कागद हातात धरून, अगदी त्या सुरात म्हणाली, "पाझर तलावाच्या बांधाला गळती लागून खालच्या विहिरी बसल्या, हे खरे आहे काय?" ग्रामसेवकांना हसू आवरेना. मंडपात बसलेल्या बाया एकदम म्हणाल्या, "व्हय!" जाऊ म्हणाली, "होय म्हणणाऱ्यांचं बहुमत हाय. लिवा." आणि ग्रामसेवकांनी लिहिलं.

अंदाजपत्रक कुठवर आलं, हे विचारायला ती परवाही तालुक्याला जाऊन आली.

नमस्कार.