वकिलाशिवाय ग्राहक आयोगात

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या सोलापुरात कुणाचं दुकानदाराशी, कंपनीशी बिनसलं की घरातली मोठी माणसं एकच सांगतात, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." दिवाणी दाव्यात वर्षं घालवलेल्यांनी हे सांगावं, यात नवल नाही. पण या म्हणीच्या धाकानं लोक जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कारण हा दरवाजा सामान्य माणसाला वकिलाशिवाय आत जाता यावं म्हणूनच ठेवलेला आहे.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कंपनी मुंबईची असो नाहीतर दिल्लीची, तुम्ही राहता सोलापुरात, म्हणून तक्रार सोलापुरातच करता येते. ही सोय जुन्या कायद्यात नव्हती. मराठीत लिहिलेली तक्रार चालते. तुमची बाजू तुम्ही स्वतः मांडू शकता.

आता आपल्या गावाचा खास प्रश्न. पूर्व भागातल्या एखाद्या भावानं कर्ज काढून यंत्रमाग घेतला आणि तो पहिल्याच महिन्यात बिघडला. विकणारा ऐकत नाही. तक्रार केली की समोरून पहिला मुद्दा हाच येतो: "हा ग्राहक नाहीच, यानं माल धंद्यासाठी घेतला." कायदा व्यापारी हेतूनं घेतलेल्या वस्तूला संरक्षण देत नाही, हे खरं. पण कायद्यातल्या 'ग्राहक' या शब्दाच्या व्याख्येतच पुढं लिहिलंय की केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरायची नाही. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच सांगितलंय. म्हणून तक्रारीत सुरुवातीलाच स्पष्ट लिहा: हा माग मी स्वतः चालवतो आणि माझं घर याच्यावरच चालतं. शिलाई मशीन घेणाऱ्या ताईंनी, रिक्षा घेणाऱ्या दादांनीही हेच लिहावं. हे वाक्य राहून गेलं, तर चांगली तक्रारही पहिल्याच मुद्द्यावर अडकू शकते.

शेतकरी बांधवांनो, तुम्हीही ग्राहक आहात. बियाणं उगवलं नाही, तर पिशवी, टॅग आणि पावती फेकू नका. त्यावरचा लॉट नंबर महत्त्वाचा. लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून शेताचा पंचनामा मागा. पीक मोडून दुसरी पेरणी केल्यावर पंचनामा कशाचा करणार?

तक्रार लिहायची कशी? तारखेच्या क्रमानं. काय घेतलं, कितीला घेतलं, बिघाड कधी दिसला, कुणाला कळवलं, त्यानं काय उत्तर दिलं. राग येतो, यायलाच हवा, पण कागदावर शिव्याशाप नकोत. प्रत्येक वाक्याच्या मागं एखादा कागद असू द्या. पावती, वॉरंटी कार्ड, बँकेचा उतारा, व्हॉट्सॲपवरचे निरोप. या आयोगात बहुतेक निर्णय कागदपत्रं आणि प्रतिज्ञापत्रावर होतात, त्यामुळं बोलण्यात पटाईत नसलेल्या माणसानंही घाबरायचं कारण नाही. शेवटी मागणी नेमकी लिहा: पैसे परत, त्यावर व्याज, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. जे मागितलंच नाही, ते मिळेल असं धरून चालू नका. आणि तक्रारीआधी समोरच्याला एक लेखी नोटीस द्या, टपालाची पोच जपून ठेवा.

मुदत मात्र अजिबात विसरू नका. वादाचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत दुकानदार झुलवत राहतो आणि आपण पत्रं पाठवत राहतो. त्या पत्रांनी मुदत वाढत नाही. उशीर झालाच, तर सबळ कारण देऊन उशीर माफ करण्याचा अर्ज करावा लागतो.

समोरच्यालाही मुदत आहे. आयोगाची नोटीस मिळाल्यावर लेखी उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापलीकडं लेखी उत्तर घ्यायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च 2020 मध्ये पक्कं केलंय. त्यामुळं ही तारीख तुम्ही वहीत लिहून ठेवा आणि उशिरा आलेल्या उत्तराला आयोगासमोर हरकत घ्या. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून जास्त वेळ जातो, तयारी ठेवा. पण सुनावणीची तारीख चुकवू नका. तक्रारदारच गैरहजर राहिला तर तक्रार निकाली निघू शकते.

प्रकरण गुंतागुंतीचं असेल, रुग्णालयाच्या हलगर्जीपणासारखं, तर वकील घेतलेला बरा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि समोरचा पैसे देईना, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, 25 हजारांपासून एक लाखापर्यंत दंडही होऊ शकतो. निकाल विरोधात गेला, तर राज्य आयोगाकडे अपिलाला 45 दिवस आहेत. सुरुवात कुठून करावी हेच कळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या: 1915. पुन्हा सांगतो, एक नऊ एक पाच.

नमस्कार.